दुग्धज्वर : एका फसव्या नांवाचा इतिहास

श्रोतेहो, खरवस न आवडणारा मराठी माणूस विरळाच म्हणावयाचा. व्यालेल्या गाईचा पहिल्या एक-दोन दिवसांचा चीक, त्यांत गूळ, वर वेलदोड्याची पूड, आणि वाफेवर धरलेली ती पिवळसर वडी ! परंतु त्या वडीच्या पाठीमागें गाईच्या शरीरांत केवढा मोठा हिशेब होऊन गेलेला असतो, याची कल्पना आपणां शहरवासीयांना क्वचितच असते. साध्या दुधाच्या एका लिटरांत सुमारें सव्वा ग्रॅम कॅल्शियम, म्हणजे चुन्याचें मूलद्रव्य, असतें. चिकांत तें जवळजवळ दुप्पट असतें. चांगल्या दुधाळ गाईनें एका वेळीं दहा लिटर चीक दिला, तर सुमारें २३ ग्रॅम कॅल्शियम तिच्या शरीराबाहेर पडतें. आणि त्या क्षणीं तिच्या साऱ्या रक्तांत तें असतें किती ? अवघें तीन ग्रॅमांच्या आसपास. बाकीचें हाडांतून व चाऱ्यांतून तांतडीनें उभें करावें लागतें. हा भरणा वेळेवर झाला नाहीं, तर कालपर्यंत धडधाकट असलेली गाय कांहीं तासांत जमिनीवर बसते, आणि उपाय न झाल्यास पुष्कळदां दिवसभरांत प्राण सोडते.

या रोगाला पशुवैद्यकांत ‘दुग्धज्वर’ म्हणतात. इंग्रजी नांवाचें तें सरळ भाषांतर आहे. नांवांत ज्वर असला तरी रोगांत ज्वर नाहीं. गाईचें शरीरमान एरव्हीं १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असतें. या रोगांत तें त्याच्याहि खालीं उतरतें आणि कान व पाय थंड पडतात. नांव चुकलें म्हणून एवढें काय बिघडलें, असें कोणी म्हणेल. बिघडलें तें असें कीं, ज्वर म्हटल्यावर वैद्यांनीं दाह शोधला, दाहामागें विष शोधलें, आणि या शोधांत शंभराहून अधिक वर्षें निघून गेलीं. खरें कारण सांपडलें तें रक्तांतल्या एका साध्या क्षाराच्या तुटींत. आणि ती तूट गाईला खालीं कां बसवते, याचें उत्तर तर बेडकाच्या पायावर प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञांनीं दिलें. या दोन वाटा वेगळ्या निघाल्या व अखेर एकाच ठिकाणीं येऊन मिळाल्या. त्या मिलनाची ही हकीगत आहे.

प्रथम गोठ्यांत जाऊं. आणि तोहि नगर जिल्ह्यांतला. २०२४ सालीं या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें. पश्चिमेकडे अकोल्याच्या डोंगरांत मुसळधार पाऊस, आणि पूर्वेकडे पाथर्डी-जामखेडच्या बाजूला आभाळाकडे लागलेले डोळे, असा हा दुभंगलेला मुलूख. येथें पूर्वी गाय राखावयाची ती मुख्यतः बैलासाठीं. अकोल्याच्या घाटमाथ्यावरची डांगी गाय घ्या. तिचे बैल भर पावसांत चिखलांत न डगमगतां काम करणारे म्हणून प्रसिद्ध आहेत. दूध मात्र वासराचें पोट भरून घरच्या चहा-ताकापुरतें उरलें तर उरलें. अशा गाईला दुग्धज्वर जवळजवळ होतच नाहीं. जें देणें थोडें, त्याचा भरणाहि सहज होतो.

हें चित्र पालटलें तें पाण्यानें. प्रवरेवरचें भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें आणि कालव्याच्या कांठीं ऊस उभा राहिला. पुढें लोणीस विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साह्यानें शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि १९५०-५१ च्या हंगामांत त्याचें गाळप सुरू झालें. उसाबरोबर वाढें आलें, कालव्याच्या पाण्यावर लसूणघासाचे हिरवे वाफे आले, आणि बाराही महिने हिरवी वैरण ही कल्पना प्रथमच कांहीं तालुक्यांना परिचयाची झाली. १९६८ सालीं कृषि विद्यापीठाची स्थापना झाली व त्याचें ठाणें राहुरीस आलें. पुढें त्यास महात्मा फुले यांचें नांव मिळालें. याच विद्यापीठानें ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय तयार केली. तिच्यांत निम्मा अंश होल्स्टीन-फ्रिजियन या परदेशी जातीचा, पाव जर्सीचा आणि पाव आपल्या गीर गाईचा. गीरनें उन्ह सोसण्याची शक्ति द्यावी आणि परदेशी रक्तानें दूध द्यावें, असा हा मेळ. संगमनेर, राहाता, राहुरी, कोपरगांव, श्रीरामपूर या भागांत संकरित गाई घरोघरीं झाल्या, दूध संघ उभे राहिले, आणि दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा हा जिल्हा महाराष्ट्रांतील अग्रगण्य दूध-जिल्ह्यांत गणला जाऊं लागला. संघाकडून ठराविक दिवसांनीं हातीं पडणाऱ्या पैशाला तेथले लोक ‘दुधाचा पगार’ म्हणतात. पिकाचा भरंवसा नाहीं तेथें हा पगार घराला आधार देतो. मुलांची फी, किराणा, औषधपाणी या साऱ्यांचा मेळ त्यावर बसतो.

ज्या दारानें ही सुबत्ता आली, त्याच दारानें दुग्धज्वरहि आंत आला. हा रोग दुबळ्या गाईस सहसा होत नाहीं. गोठ्यांतली जी सर्वांत जास्त दुधाची, तिलाच तो गांठतो. आणि पहिल्या वेताला क्वचित्, पण तिसऱ्या-चवथ्या वेतापासून अधिक. त्यांतूनहि जर्सी जातीवर त्याची विशेष नजर आहे, असा जगभरचा अनुभव आहे. म्हशीहि त्यांतून सुटत नाहींत.

रोगाचें रूप मोठें विलक्षण आहे. गाय सुखरूप वितें, वासरूं उठून उभें राहतें, घरांत आनंद असतो. नंतर एक-दोन दिवसांच्या आंत गाय चारा टाकते, अस्वस्थ होते, तिच्या अंगावर बारीक थरथर दिसूं लागते, मागचे पाय लटपटतात. थोड्या वेळानें ती खालीं बसते व मग तिला उठतां येत नाहीं. मान एका बाजूस वळवून ती तोंड कुशीला लावून बसते. ही बैठक इतकी ठराविक असते कीं, जाणत्या माणसाला दुरूनहि रोग ओळखतां यावा. नाकपुडी कोरडी पडते, रवंथ बंद होतो, शेण पडत नाहीं, पोट फुगूं लागतें. अखेर ती एका कुशीवर आडवी होते, आणि शुद्ध हरपते. गोठ्याचें काम बहुतेक घरांत बायकांच्या हातीं असतें. ज्या बाईनें तिला महिनोन्महिने घांस भरविला, तिला वाटतें कीं गाईला दृष्ट लागली, किंवा विताना कांहीं आंत मोडलें. वास्तविक मोडलेलें कांहींच नसतें.

युरोपांत या रोगाची नोंद अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सांपडते. तेथेंहि तो दुधाळ जाती वाढूं लागल्या तसा वाढला. उपचार काय होते ? रक्त काढणें, जुलाब देणें, पाठीवर तीव्र लेप लावणें. दाह आहे असें गृहीत धरल्यावर दाहावरचे सारे उपाय आले. निम्म्याहून अधिक गाई दगावत. १८९७ सालीं डेन्मार्कांतील कोल्डिंग गांवचे पशुवैद्य युर्गेन श्मिट यांनीं एक नवा तर्क मांडला. रोग विण्याशीं व दुधाशीं निगडित आहे, तेव्हां विष कांसेंतच तयार होत असलें पाहिजे, असें त्यांना वाटलें. म्हणून त्यांनीं सडांतून पोटॅशियम आयोडाइडचें द्रावण कांसेंत भरलें. आश्चर्य असें कीं, गाई उठूं लागल्या ! मग इतरांनीं निरनिराळीं द्रावणें भरून पाहिलीं. तींहि लागू पडलीं. १९०१ च्या सुमारास डेन्मार्कांतच अँडरसन यांनीं द्रावणाऐवजीं नुसती हवा भरली, आणि तो उपाय सर्वांत प्रभावी ठरला. सायकलीच्या पंपासारख्या साधनानें कांस फुगवावयाची, सडांना पट्टी बांधावयाची, आणि वाट पहावयाची. शंभरांत एखादीच गाय आतां दगावूं लागली.

या घटनेंत विचार करण्यासारखें कांहीं आहे. तर्क साफ चुकीचा होता. कांसेंत विष नव्हतें. उपाय मात्र अचूक होता. फुगलेल्या कांसेच्या दाबामुळें दूध उतरणें थांबे. दूध थांबलें कीं रक्तांतलें कॅल्शियम बाहेर जाणें थांबे. आणि शरीराला आपली तूट भरून काढण्यास उसंत मिळे. हें स्पष्टीकरण त्या वेळीं कोणालाच ठाऊक नव्हतें. गाय उठते, एवढें पुरेसें होतें. कां उठते, हें विचारण्याची निकड उरली नाहीं. चांगला उपाय हातीं आल्यामुळें खऱ्या कारणाचा शोध वीस-पंचवीस वर्षें लांबला, असें म्हटलें तर तें फारसें चूक ठरणार नाहीं.

कारणाचा धागा दुसऱ्याच बाजूनें हातीं आला. माणसाच्या गळ्यांत थायरॉइड ग्रंथीला लागून वाटाण्याहून लहान अशा चार ग्रंथि असतात. त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. त्या काढून टाकल्या तर जनावरास आंचके येतात, रक्तांतलें कॅल्शियम उतरतें, आणि कॅल्शियम टोंचलें कीं आंचके थांबतात, हें १९०९ च्या सुमारास अमेरिकेंत मॅक्कॅलम व फोग्टलिन यांनीं दाखविलें. एडिंबरोचे हेन्री ड्रायर आणि रसेल ग्रेग यांनीं हा धागा उचलून १९२५ सालीं असा सिद्धान्त मांडला कीं, दुग्धज्वराच्या मुळाशींहि कॅल्शियमचीच तूट असावी. त्याच वर्षीं इंग्लंडांत लिट्‌ल आणि राइट यांनीं आजारी गाईंचें रक्त तपासलें आणि तूट प्रत्यक्ष मोजून दाखविली. निरोगी गाईच्या रक्तजलांत दर १०० मिलिलिटरांत साडेआठ ते दहा मिलिग्रॅम कॅल्शियम असतें; बसलेल्या गाईंत तें पांचाच्याहि खालीं आढळतें. १९३० ते १९३५ च्या दरम्यान ग्रेग व ड्रायर यांनीं कॅल्शियम ग्लुकोनेट आणि मग अधिक विरघळणारें कॅल्शियम बोरोग्लुकोनेट वापरांत आणलें. आजहि पशुवैद्य शिरेंतून जी बाटली चढवितात, ती याच औषधाची.

रोगाचें कारण कळलें, औषध मिळालें. मग राहिलें काय? राहिला तो मुख्य प्रश्न. कॅल्शियम म्हटलें कीं आपल्यापुढें हाडें व दांत येतात. गाय बसली म्हणजे तिचीं हाडें खचलीं, असेंच पुष्कळांस वाटतें. पण कांहीं तासांत हाडें खचत नाहींत, आणि बाटली चढविल्यावर घटकाभरांत तीं पुन्हां भरतहि नाहींत. तेव्हां कॅल्शियमचें दुसरें कांहीं काम असलें पाहिजे. आणि तें काम असें असलें पाहिजे कीं, तें थांबतांच अंगांतलें बळ जावें व तें चालूं होतांच परत यावें.

त्या कामाचा पहिला सुगावा लंडनच्या सिड्‌ने रिंगर या वैद्यास लागला. १८८२ सालीं तो बेडकाचें हृदय मिठाच्या पाण्यांत ठेवून त्याचे ठोके पाहत होता. हृदय उत्तम चालत होतें. पुढें असें आढळून आलें कीं, द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यांत न करतां नळाच्या पाण्यांत केलेलें होतें, आणि त्या नळाच्या पाण्यांत कॅल्शियम होतें. शुद्ध पाणी वापरतांच हृदय मंद होऊन थांबूं लागलें. १८८३ सालीं रिंगरनें हें स्वतःच प्रसिद्ध केलें. १८९४ सालीं लॉक यानें याहून सूक्ष्म गोष्ट पाहिली. बेडकाचा एक स्नायु व त्याचा मज्जातंतु त्यानें नुसत्या मिठाच्या द्रावणांत ठेवला. कांहीं वेळानें मज्जातंतूला विजेचा झटका दिला तरी स्नायु हालेना. पण तोच झटका सरळ स्नायूला दिला तर तो आखडे. द्रावणांत थोडें कॅल्शियम घालतांच मज्जातंतूची आज्ञा पुन्हां पोंचूं लागली. म्हणजे तंतु शाबूत, स्नायु शाबूत. खंड पडला तो दोहोंच्या मधल्या सांध्यांत. त्या वेळीं एकाहि पशुवैद्यानें हा निबंध दुग्धज्वराच्या संदर्भांत वाचला असेल असें दिसत नाहीं. परंतु बसलेल्या गाईचें चित्र त्यांत उमटलेलें होतें.

या सांध्याची रचना समजली ती विसाव्या शतकांत. मज्जातंतूचें टोंक स्नायूला चिकटलेलें नसतें. दोहोंमध्यें अत्यंत बारीक फट असते. आज्ञा ही फट विजेच्या रूपानें ओलांडीत नाहीं. तंतूच्या टोंकांतून एक रसायन बाहेर पडतें, आणि तें पलीकडे जाऊन स्नायूला जागें करतें. ऑटो लोव्ही यानें १९२१ सालीं बेडकाच्या हृदयावर हें दाखविलें. १९३६ सालीं हेन्री डेल, फेल्डबर्ग व मार्था फोग्ट यांनीं हालचालीच्या स्नायूंतहि ॲसिटिलकोलीन नांवाचें रसायनच हा निरोप नेतें, हें सिद्ध केलें. त्याच वर्षीं लोव्ही व डेल यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

त्याच्या आदल्या वर्षीं, १९३५ मध्यें, बर्नार्ड काट्झ हा तरुण ज्यू वैद्य जर्मनींतलें लाइपझिग सोडून लंडनला आला. त्यानें व पॉल फॅट यानें पुढें असें पाहिलें कीं, मज्जातंतु स्वस्थ असतांनाहि सांध्यावर मधूनमधून विजेचे बारीक तरंग उठतात, आणि ते सारे जवळजवळ सारख्या मापाचे असतात. १९५४ सालीं डेल कास्टिलो याच्यासह काट्झनें त्याचा अर्थ लावला. रसायन धारेनें सांडत नाहीं; ठराविक मापांच्या पुड्यांनीं सुटतें. तंतूच्या टोंकांत इवल्या इवल्या कुप्या भरून ठेवलेल्या असतात. आज्ञा येतांच त्यांतील कांहीं एकदम फुटून रिकाम्या होतात. कॅल्शियम कमी केलें तर पुडीचें माप बदलत नाहीं, पुड्यांची संख्या घटते. पुढें १९६५ ते १९६७ च्या सुमारास काट्झ व मेक्सिकोचा रिकार्डो मिलेडी यांनीं आणखी एक पाऊल टाकलें. कॅल्शियम आज्ञेच्या क्षणीं तेथें हजर असेल तरच पुड्या सुटतात. क्षणभर उशिरां आलें तर त्याचा उपयोग नाहीं. तेव्हां विजेची आज्ञा तंतूच्या टोंकाला येते, तेथलीं दारें उघडतात, बाहेरचें कॅल्शियम आंत शिरतें, आणि त्याच्या स्पर्शानें कुप्या फुटतात; हा सारा व्यवहार सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास आटोपतो. १९७० सालीं काट्झला नोबेल पारितोषिक मिळालें.

गाईच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें गणित १९६७ सालीं डॉज व रहामिमॉफ यांनीं बेडकाच्या सांध्यावर मांडलें. कॅल्शियम थोडें असतांना तें निम्में केलें तर सुटणारें रसायन निम्में होत नाहीं. तें जवळजवळ सोळाव्या हिश्शावर येतें. गणिती भाषेंत, रसायन कॅल्शियमच्या चवथ्या घाताप्रमाणें बदलतें. त्यावरून त्यांनीं तर्क केला कीं, एक पुडी सोडण्यासाठीं कॅल्शियमच्या सुमारें चार कणांनीं एकत्र यावें लागत असावें. एखादें कुलूप चार किल्ल्या एकदम फिरविल्याखेरीज उघडूं नये, तसें. पण तें कुलूप कोणतें, हें त्यांना ठाऊक नव्हतें.

कुलूप सांपडण्यास आणखी पंचवीस वर्षें लागलीं. १९८१ सालीं कुप्यांच्या आवरणावर एक प्रथिन आढळलें. १९९० सालीं टोमास स्यूडहॉफ व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंत त्याची रचना वाचली. त्यांत कॅल्शियम धरून ठेवण्याजोगे दोन भाग दिसले. या प्रथिनाला सिनॅप्टोटॅग्मिन असें नांव आहे. त्याचा एक भाग कॅल्शियमचे तीन कण धरतो, दुसरा दोन. १९९४ सालीं हें प्रथिन नसलेले उंदीर तयार करण्यांत आले, तेव्हां त्यांच्या मेंदूंतील तंतूंत जलद सुटणारें रसायन जवळजवळ नाहींसें झालें. २००१ सालीं प्रथिन काढून न टाकतां त्याची कॅल्शियमवरची पकड तेवढी निम्मी सैल केली. त्याबरोबर रसायन सुटणेंहि त्याच मानानें घटलें. यानंतर संशयास जागा उरली नाहीं. स्यूडहॉफ यांना २०१३ सालीं रॉथमन व शेकमन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. स्नायूंच्या सांध्यांत याच प्रथिनाचें दुसरें भावंड, सिनॅप्टोटॅग्मिन-२, मुख्य काम करतें. आणि त्याच्या जनुकांत दोष असलेल्या माणसांना जन्मजात स्नायुदौर्बल्य येतें, हें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें.

आतां हें सारें घेऊन पुन्हां गोठ्यांत येऊं. व्यालेल्या गाईच्या रक्तांतलें कॅल्शियम निम्म्यावर आलें. मज्जातंतूच्या टोंकाला कॅल्शियम मिळतें तें बाहेरच्या द्रवांतूनच; तेथें तूट पडली कीं कुलुपाच्या किल्ल्या अपुऱ्या पडतात आणि पुड्या सुटेनाशा होतात. स्नायूला आखडण्यासाठींहि कॅल्शियम लागतें. ट्रोपोनिन नांवाचें प्रथिन तें धरतें, हें जपानच्या एबाशी यांनीं दाखविलें. परंतु हालचालीच्या स्नायूंनीं आपला कॅल्शियमचा सांठा स्वतःच्या पोटांत राखलेला असतो. रक्तांतल्या तुटीची झळ त्याला तांतडीनें लागत नाहीं. म्हणून गाईचा स्नायु सशक्त असून निकामी होतो, कारण त्याला उठण्याचा निरोपच मिळत नाहीं. लॉकच्या बेडकाची तीच अवस्था होती. निरोगी सांध्यांत गरजेच्या कितीतरी पट रसायन सुटत असतें, त्यामुळें थोडी तूट बाहेर दिसत नाहीं. ती एका मर्यादेच्या खालीं गेली कीं गाय एकदम कोसळते. आतड्यांचे स्नायु व हृदय हीं मात्र बाहेरच्या कॅल्शियमवर अधिक विसंबून असतात. म्हणून रवंथ थांबतो, पोट फुगतें आणि नाडी क्षीण होते.

येथें कोणी विचारील कीं, माणसांत कॅल्शियम उतरलें तर हातापायांस पेटके येतात, मग गाय लुळी कां पडते ? दोन्ही गोष्टी एकाच तुटीच्या आहेत. बाहेरचें कॅल्शियम घटलें कीं मज्जातंतूचें आवरण हळवें होऊन आपोआप चेतूं लागतें. त्यानें पेटके येतात. त्याच वेळीं सांध्यांतून सुटणारें रसायनहि घटत असतें. माणसांत पहिली क्रिया वरचढ ठरते, गाईंत दुसरी. गाईच्या अंगावर सुरुवातीस येणारी ती बारीक थरथर पहिल्या क्रियेचीच खूण आहे. पुढें दुसरी तिला झांकून टाकते.

उपचाराचा क्षण पाहण्यासारखा असतो. मानेच्या शिरेंतून औषध सावकाश जाऊं लागतें. गाईच्या अंगावर कंप उठतो, ती ढेंकर देते, शेण टाकते, नाकपुडीवर ओल येते. आणि पुष्कळदां घटकाभरांत ती उठून वासराकडे वळते. गांवकऱ्यांस हा चमत्कार वाटतो. परंतु त्यांत धोकाहि आहे. औषध घाईनें सोडलें तर हृदयाचे ठोके बिघडून गाय तेथल्या तेथें कोसळूं शकते, कारण रिंगरच्या बेडकाप्रमाणें तिचेंहि हृदय बाहेरच्या कॅल्शियमला तत्काळ दाद देतें. बाटली कोमट करून, छातीला कान लावून, थेंबाथेंबानें औषध देणारा पशुवैद्य वेळ काढीत नसतो. हृदयाचे ठोके मोजीत असतो. गाय आडवी झाली असेल तर तो येईपर्यंत तिला गवताच्या भाऱ्यांचा आधार देऊन छातीवर बसवावें, आणि तिच्या तोंडांत पाणी किंवा काढा ओतूं नये. गिळण्याचे स्नायुहि लुळे असतात, आणि ओतलेलें फुप्फुसांत जातें.

औषधाहून महत्त्वाची गोष्ट पथ्याची, आणि येथेंच आपल्या सहजबुद्धीला धक्का बसतो. विण्यास आलेल्या गाईला भरपूर लसूणघास घालावा, म्हणजे तिच्या अंगांत कॅल्शियमचा सांठा होईल, असें कोणालाहि वाटेल. आणि नगरकडच्या प्रेमळ हातांनीं तसें वर्षानुवर्षें केलेंहि आहे. १९५४ सालीं अमेरिकेंत बोडा व कोल यांनीं याच्या उलट दाखविलें. विण्यापूर्वी ज्या गाईंना कमी कॅल्शियमचा चारा दिला, त्यांना दुग्धज्वर झाला नाहीं. कोठार सदैव भरलेलें असलें तर कोठावळा झोपीं जातो. चाऱ्यांतून आयतें कॅल्शियम येत असलें म्हणजे गळ्यांतल्या त्या चार ग्रंथि सुस्त राहतात, आणि विल्यावर हाडांतून कॅल्शियम काढण्याची वेळ येते तेव्हां त्यांना जागें होण्यास एक-दोन दिवस लागतात. तेच दोन दिवस प्राणघातक ठरतात. लसूणघासांत पोटॅशियमहि पुष्कळ असतें, आणि त्यामुळें या ग्रंथींची हांक हाडांना नीट ऐकूं जात नाहीं. नॉर्वेच्या संशोधकांनीं पुढें याच्या उलट गुणाचे क्षार विण्यापूर्वी खाऊं घालून रोग टाळण्याची वाट दाखविली.

उसाच्या वाढ्याची गोष्ट वेगळी. त्यांत ऑक्झॅलेट असतें. तें कॅल्शियमला धरून ठेवतें व शरीरास लाभूं देत नाहीं. दुष्काळाच्या दिवसांत महिनेच्या महिने केवळ वाढ्यावर काढलेली गाय म्हणून मुळांतच दुबळी होते. तेव्हां वाढें हा आपत्काळचा चारा समजावा, त्याला इतर वैरणीची जोड द्यावी. विण्यापूर्वीचे तीन आठवडे लसूणघास हात राखून द्यावा, आणि विल्यानंतर मात्र मोकळ्या हातानें. याच काळांत क्षार व खुराक किती, तें पशुवैद्यास विचारून ठरवावें. यांत खर्च थोडा आहे, अवधान मोठें आहे.

श्रोतेहो, या इतिहासांत कोणी एक नायक नाहीं. चुकीच्या तर्कानें कांस फुगविणारा डेन्मार्कचा पशुवैद्य, नळाच्या पाण्याचा खुलासा स्वतः करणारा लंडनचा डॉक्टर, देश सोडून आलेला लाइपझिगचा तरुण, आणि कुप्यांवरच्या प्रथिनाची रचना वाचणारे प्रयोगशाळेंतले लोक, यांपैकीं बहुतेकांनीं राहुरीचें नांवहि ऐकलें नसेल. तरीहि आज राहुरी-संगमनेरकडच्या एखाद्या गोठ्यांत मध्यरात्रीं कंदिलाच्या किंवा विजेरीच्या उजेडांत बसलेली गाय उठते, ती या सर्वांच्या कामामुळें. आपल्या दारीं सकाळीं येणाऱ्या दुधाच्या पिशवींत दर लिटरामागें तो सव्वा ग्रॅम असतो. तो कोणा गाईच्या हाडांतून निघालेला आहे, आणि तिला राखणाऱ्या कोणा बाईच्या अवधानानें तेथवर पोंचलेला आहे. दुधाचा भाव दोन रुपयांनीं चढला तर आपण घरांत चर्चा करतों. त्या भावांत पशुवैद्याचा फेरा, औषधाची बाटली आणि विण्यापूर्वीचे ते तीन आठवडे यांचा हिशेब धरला जातो कीं नाहीं, हेंहि एकदां विचारून पाहावें.